चिंबोरीचा करंट

काशीमीऱ्याला हायवेलगत आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. सेल्फ, डायनॅमो, बॅटरी, हॉर्न, वायरिंग; गाडीत जिथे म्हणून करंट खेळतो ते सगळं आमचं काम. ट्रकवाले येऊन उभे राहायचे, मला बघायचे आणि हमखास विचारायचे, "उस्ताद किधर है?" मी दातांत धरलेली वायर काढून म्हणायचे, "सामने बैठा है, बोलो." काही जण हसून बोनेट उघडायचे, काही जण सरळ पुढच्या दुकानात जायचे. त्या पुढे जाणाऱ्यांचा मला दिवसभर राग यायचा. आई म्हणायची, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच राग बसलेला असतो. ते खरंच होतं, आणि त्या रागाचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. आयटीआय करून मी बाबांच्या हाताखाली लागले होते. परभणीकडचे नातेवाईक विचारायचे, पोरीचं लग्न करायचं सोडून तिला ग्रीसमध्ये का बसवलंय? बाबा म्हणायचे, तिचा हात चांगला आहे. याच्यापुढे ते काही बोलायचे नाहीत आणि मला तेवढं पुरायचं.

मावशी आमची मासेवाली. ती उत्तनजवळच्या पालीहून यायची आणि आमच्या जेसल पार्कच्या नाक्यावर टोपली मांडून बसायची. आई वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घ्यायची आणि दर रविवारी दोघींचं भावावरून कडाक्याचं भांडण व्हायचं. भांडण झालं नाही तर आईला जेवण जायचं नाही. ही मावशी एकदा ऑक्टोबरच्या उन्हात टोपली न घेता थेट आमच्या दुकानात येऊन उभी राहिली.

"तुजा बाप कुठं हाय?"

"गावाला गेलेत, लग्नाला. काय झालं?"

"माजी चिंबोरी मेली."

"मग रस्सा करा की. इथे कशाला आणलीत?"

ती हसली नाही. एरवी अशा बोलण्यावर तिनं मला दोन शिव्या घालून चार कोलंब्या जास्त टाकल्या असत्या. मी स्टूल पुढे सरकवलं तर बसलीही नाही. उभ्या उभ्या तिनं जे सांगितलं त्यावरून कळलं, की चिंबोरी म्हणजे गाडी. फुगीर टायरांची, मोटारसायकलचं हँडल असलेली, वाळूत पळणारी चारचाकी परदेशी गाडी. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा रिसॉर्टनं पर्यटकांना फिरवायला आणली होती. रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा मावशीच्या मुलानं ती उचलली, आणि स्वतः जहाजावर नोकरीला जाताना आईला होडी ओढायला ठेवून गेला. खेकड्यासारखी बसकी आणि रुंद म्हणून अख्खी पाली तिला चिंबोरी म्हणायची.

आठवड्याभरापूर्वी होडी पाण्यातून वर ओढता ओढता ती बंद पडली होती. एका मेकॅनिकनं येऊन कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. दुसरा म्हणाला, इग्निशनचा डबा गेलाय, तो इकडे मिळत नाही, भंगारात घाला. होडी तशीच अर्ध्या किनाऱ्यावर वाळूत होती.

"उद्या पुनव हाय," मावशी म्हणाली. "दुपारचा पानी होरीपर्यंत येतंय. तू चल."

पालीच्या बोलीत होडीची होरी होते आणि गाडीची गारी. मला एवढी बोली नाक्यावरच्या भांडणांतून येत होती. मला तिच्या आवाजाचं नवल वाटलं. आमच्या आईशी भावावरून हुज्जत घालताना अर्धा नाका गोळा करणारी ही बाई अगदी हळू बोलत होती.

मी तोपर्यंत त्या जातीच्या गाडीला हातही लावला नव्हता. पण दोन मेकॅनिकांनी हात टेकलेत म्हटल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, सकाळी येते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, पिशवीत मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, पाने, कानशी, नवा प्लग आणि मोटारसायकलची एक जुनी कॉइल टाकून मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. मावशी स्टॉपवर उभीच होती. पालीच्या गल्ल्यांतून चालताना ती माझ्या पुढे चालत होती आणि मागे न बघता बोलत होती. सगळी हकिगत तिनं मला त्या चालण्यात सांगितली.

पालीत होडी ओढायची एक रीत होती. होडीच्या मालकानं किनाऱ्यावर उभं राहून हाक द्यायची, "होऽऽय रे!" ज्याला ऐकू येईल त्यानं हातातलं काम टाकून यायचं, दोरीला हात लावायचा आणि "होऽऽय!" म्हणून उत्तर द्यायचं. हाक ऐकून कुणी बसून राहत नसे. पण हाक आल्याशिवाय दुसऱ्याच्या होडीला कुणी हातही लावत नसे, कारण तो मालकाचा अपमान. आणि ज्याची हाक त्याची होडी, हे सगळा गाव धरून चालायचा. बाईनं हाक दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मावशीचा नवरा वारला, तेव्हापासून तिच्या होडीसाठी तिचा दीर हाक द्यायला लागला. आधी त्याचे उपकारच वाटले. मग तो "वहिनीची होरी" म्हणायचा ते "आमची होरी" झालं. मग समुद्रावर कुणी जायचं, कधी जायचं, हे तो ठरवायला लागला. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चार माणसांत तो बोलून गेला, की होरी काय, आता माजीच हाय. मावशीनं तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकवलं, की यापुढे माझ्या होडीला कुणाच्या हाकेची गरज पडणार नाही. आणि मुलानं चिंबोरी आणली. चिंबोरीला हाक लागत नव्हती. दोरी बांधायची, मागचे ओंडके उचलून पुढे ठेवायला एक माणूस बरोबर घ्यायचा आणि ओढायचं. दोन हंगाम असे गेले.

"आता तो वाट बगत बसलाय," ती म्हणाली. "मी जाऊन बोललं पायजे, की भावजी, हाक द्या. एकदा बोलली, की झाला. मंग ती होरी माज्या पोराची न्हाय."

किनाऱ्यावर गेल्यावर मला होडी आणि दीर दोन्ही दिसले. होडी एका कुशीवर कललेली, निळी, नाकावर पांढरा क्रूस काढलेला. तिच्या पाण्याकडच्या बाजूची एक फळी काढलेली होती. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी कमी चढतं तेव्हा, होडी तिथे सुरक्षित होती. म्हणून सुतारानं कुजकी फळी काढली होती आणि तिच्या मापाची नवी घडवायला तो ती घरी घेऊन गेला होता. आता उधाण आलं होतं. उघड्या जागेतून पाणी आत शिरलं असतं तर होडी भरून वाळूत बसली असती आणि लाटांनी तिला शेजारच्या खडकांवर आपटून फोडलं असतं. वर, पाणी पोचत नाही तिथे माडाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली सात-आठ पुरुष जाळी विणत बसले होते. त्यांतला खाकी हाफपँटवाला, पांढऱ्या मिशांचा, तो दीर. तो आमच्याकडेच बघत होता.

चिंबोरी होडीच्या पुढे उभी होती. तीही निळी. होडीचाच निळा, चकचकीत, जाड.

मी सीट काढली आणि कामाला लागले. बॅटरी साफ उतरली होती, पण तिचं विशेष नव्हतं. बाजूला दोरी होती, ती ओढूनही इंजिन चालू होत असे. मी प्लग काढला, कॅपमध्ये बसवला, इंजिनाच्या हेडवर टेकवला आणि मावशीला म्हटलं, "ओढा." तिनं दोरी ओढली. स्पार्क आला, पण पिवळा, मरतुकडा. दुसऱ्यांदा ओढली तर आलाच नाही. तिसऱ्यांदा परत तसाच पिवळा.

नवा प्लग लावला. तेच. प्लगची कॅप पिळून काढली, वायरचं हिरवं पडलेलं टोक कापलं, परत बसवली. तेच. बंद करायच्या बटनाची वायर सोडवून बघितली, कारण खाऱ्या हवेत ते बटन आतल्या आत चिकटून स्पार्क खाऊन टाकतं. तरी तेच, म्हणून ती परत जोडली. एवढं होईपर्यंत पाणी खाली दिसणाऱ्या काळ्या दगडांच्या रांगेला भिडलं होतं. आल्या आल्या मी बघितलं तेव्हा ते दगड कोरडे होते.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

मावशीनं पाण्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं. "तू तुजा काम कर," ती म्हणाली.

मग मी इंजिनात करंट तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलकडे वळले. मल्टिमीटरची काळी पिन चॅसीला लावली, लाल पिन कॉइलच्या वायरीला. काटा हलला नाही. मॅग्नेट कॉइल जळली असेल तर खेळ संपला होता, ती कुठल्याही दुकानात मिळणारी नव्हती. कपाळावरचा घाम मीटरवर पडत होता. मांडवातून कुणीतरी म्हणालं, "अरे, पोरगी घाबरली वाटतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण माझे कान तापले, आणि मनातल्या मनात मी त्या माणसाला काशीमीऱ्याच्या ट्रकवाल्यांकडून शिकलेलं सगळं ऐकवलं.

जुनी मोटारसायकलची कॉइल घेतली, तात्पुरती म्हणून गाडीच्या प्लगला करंट देणाऱ्या कॉइलशेजारी त्याच फ्रेमला बोल्टनं आवळली, वायरी तिला जोडल्या. मावशीनं ओढलं. काही नाही. म्हणजे कॉइलचा दोष नाही, किंवा दोन्ही कॉइली बाद, किंवा तो दुसरा मेकॅनिक म्हणतो तसा डबा गेलेला. डबा गेला असेल तर मी इथे बसून समुद्राची हवा खाण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. तरी हात थांबले नाहीत. गाडीची मूळ कॉइल परत जागेवर आवळली, वायरी तिला लावल्या.

पहिल्या लाटेचा फेस होडीच्या मागच्या टोकापासून थोड्याच अंतरावर येऊन विरला. मावशी तिकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होती. तिचा हात दोरीवर होता आणि ओठ हलत होते, बहुधा प्रार्थना चालली होती. मांडवातले आता जाळी विणत नव्हते. सुया हातात धरून सगळे पाण्याकडे बघत होते. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि परत बसला.

"वैनी," दीर ओरडून म्हणाला, "पानी आयला."

"दिसतंय मला," मावशी म्हणाली.

"एक शबुद बोल फकस्त."

तिनं दोरीवरची मूठ आवळली. मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला. डोळ्यांसमोर होडी फुटायची वेळ आलीय, आठ धडधाकट पुरुष बसलेत, आणि एकानं बोलायचं की दुसऱ्यानं यावर सगळं अडलंय! मी जोरात म्हटलं, "मावशी, ओढा!" आणि वाकून प्लग हेडवर दाबून धरला. वाकताना तोल जाऊ नये म्हणून डावा हात आत घातला, तो कॉइलच्या पट्टीवर पडला.

तिनं दोरी ओढली आणि मला असा झटका बसला की हात खांद्यापर्यंत बधिर झाला. मी मागे वाळूत बसले आणि तोंडातून हायवेवरची अस्सल शिवी गेली. मांडवात हशा पिकला.

"करंट हाय की गारीत!" दीर ओरडला. "मंग बिघरलंय काय?"

मला रडू यायच्या बेतात होतं आणि ते रागाचं होतं. मी हात चोळत बसले. आणि चोळता चोळता डोक्यात आलं, की मेला बरोबर बोलतोय. करंट आहे. चांगला सणसणीत आहे. मॅग्नेट कॉइल ठीक, डबा ठीक, नाहीतर एवढा झटका आलाच नसता. पण तो मला का बसला? कॉइलची पट्टी चॅसीला आवळलेली असते, तिथून करंट चॅसीत उतरून परत जातो, त्यालाच आम्ही अर्थिंग म्हणतो. त्या पट्टीला हात लावला तर काही वाटताही कामा नये. इथे पट्टीतला करंट चॅसीत न उतरता माझ्यातून गेला होता. म्हणजे पट्टी आणि चॅसी यांच्यामध्ये काहीतरी होतं.

मी परत आत डोकं घातलं. पट्टीच्या कडेनं निळा रंग दिसत होता. पट्टीच्या वरून नाही, पट्टीच्या खालून.

"मावशी, ह्याला रंग कुणी दिला?"

"मीच. कोन देनार?"

"हा बोल्ट सोडवून, हे काढून, खालून दिला?"

"सगला सोडवून दिला. दोन हात." तिला माझ्या प्रश्नाचा रागच आला. "नारली पुनवेच्या आधी होरीला रंग देतो, तवा हिला पन दिला. वरवर रंग मारनारी मी न्हाय. होरीला नखाएवरी जागा सोरली, तर तितनंच किडा शिरतो."

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. पालीत पाण्याला लागणारी प्रत्येक गोष्ट हंगामाआधी रंगते. होडी, वल्ही, खुंट, सगळं, आणि नीट रंगते. या बाईनं एकेक नट सोडवून, कॉइलच्या खाली, वायरिंगच्या अर्थच्या बोल्टखाली, जिथे म्हणून उघडं लोखंड दिसेल तिथे होडीचा जाडजूड रंग दोनदा चढवला होता. कुठलाही मेकॅनिक असं करणार नाही, कारण कुठल्याही मेकॅनिकला गाडीची एवढी माया नसते. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम अर्थ मिळत होता, त्यावर गाडी थोडे दिवस चालली. मग आट्यांत खारं पाणी शिरलं, गंज धरला आणि तेवढीही वाट बंद झाली. माझ्या मीटरची पिनही मी त्या रंगावरच टेकवली होती, आणि ती दुसरी कॉइलही त्या रंगावरच आवळली होती.

"मावशी, ह्या गाडीला नखाएवढी जागा उघडीच लागते," मी म्हटलं आणि कानस उचलली.

पाणी होडीच्या मागच्या टोकाला लागलं. मी बोल्ट सोडवला, कॉइल बाजूला केली आणि घासायला लागले. रंग असा चिवट की कानशीच्या दातांत भरून बसायचा. मी तो साडीच्या टोकानं पुसा म्हटलं, तर मावशीनं माझ्या हातातून कानस ओढून घेतली, स्वतःच्या पदराला घासून साफ केली आणि परत दिली. खाली पांढरं लोखंड दिसलं. बोल्ट घासला, अर्थच्या वायरीचं टोक घासलं, तिची जागा घासली. घाईत बोट सोललं गेलं. पाणी आता प्रत्येक लाटेला होडीच्या अंगाशी येऊन परत जात होतं आणि फळीची उघडी जागा तिथून फार वर नव्हती.

सगळं आवळलं. प्लग हेडवर टेकवला, हात लांब ठेवले.

"ओढा."

निळा स्पार्क पडला. टक्, असा आवाज ऐकू आला. इतक्या वेळात पहिल्यांदाच आवाज. मी प्लग जागेवर बसवला, कॅप दाबली. मावशीनं दोरी ओढली, इंजिन खोकलं. परत ओढली, धूर सोडून धडधडायला लागलं. मी किंचाळले. मावशी किंचाळली नाही. तिनं लुगड्याचा काचा खोचला आणि सीट नसलेल्या चिंबोरीवर तशीच बसली.

मी होडीच्या नाकाखाली ओंडके लावले. होडीला बांधलेली दोरी ताणली गेली, होडी कुशीवरून थोडी सरळ झाली आणि सरकली. पहिला ओंडका, दुसरा. मी मागचा ओंडका उचलून धावत पुढे नेत होते. मग एक ओंडका ओल्या वाळूत तिरका बसला, होडीचा तळ वाळूत घुसला आणि चिंबोरीची चाकं जागच्या जागी गरागरा फिरून खड्डा खणायला लागली. मागून मोठी लाट आली, माझ्या मांड्यांपर्यंत भिजवून गेली आणि पहिल्यांदाच फळीच्या उघड्या जागेतून घळकन पाणी होडीत शिरलं.

"मावशी, एकटीला नाही जमत!" मी ओरडले. ओंडका माझ्याच्यानं हलत नव्हता. त्याला निदान दोघं-तिघं लागणार होते आणि होडीला खांदा द्यायला आणखी.

मावशीनं मागे वळून होडीकडे बघितलं. मग ती चिंबोरीच्या पायटेकावर उभी राहिली, मांडवाकडे तोंड केलं आणि तिनं तोंड उघडलं. तिच्या गळ्याच्या शिरा मला दिसल्या. पण एक हात अजून ॲक्सिलरेटरवर होता, इंजिन भणाणत होतं, आणि तिच्या मागे दहा पावलांवर असून मलाही काही ऐकू आलं नाही. मांडवातले सगळे तिच्याकडे बघत होते. दिरानं कानामागे हात धरला.

"काय? काय बोलतंस?" हे मात्र मला ऐकू आलं. तो माणूस चेष्टा करत होता की त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तिनं हाक दिली होती आणि इंजिनानं ती गिळली होती, हे मला कळलं. सकाळपासून मी ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते इंजिन एकदाचं चालू होतं. बंद केलं आणि पुन्हा लागलं नाही तर? मी पाण्यातून धावत गेले, तिच्या हाताखालून हात घातला आणि चावी फिरवली.

इंजिन बंद पडलं. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता थोबाडीत बसणार.

"बंद का केलीस?"

"आता द्या हाक," मी म्हटलं.

नुसता पाण्याचा आवाज राहिला. ती पायटेकावर तशीच उभी होती. मग तिनं हाक दिली.

"होऽऽय रे!"

आवाज मध्येच चिरकला. कुणी हललं नाही. दिराचा हात अजून कानामागेच होता. मला वाटलं, झालं, आता हे हसणार, आणि हसले तर मी तिथे जाऊन एकेकाचं जाळं फाडणार. मावशीनं श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा हाक दिली. या वेळी मात्र नाक्यावरच्या भांडणातला तिचा आवाज होता, भरदार, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा.

मघाशी उठून बसलेला तो म्हातारा पहिला उठला. "होऽऽय!" तो म्हणाला, फार मोठ्यानं नाही. हातातली सुई त्यानं खांबात खोचली आणि चालायला लागला. मग त्याच्या मागून दुसरा आणि मग सगळेच. दिराच्या दोन्ही बाजूंनी ते पुढे आले, कुणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. दोघांनी तिरका ओंडका उपटून काढला, कुणी दोरी चिंबोरीतून सोडवून हातात घेतली, कुणी पाण्यात उतरून होडीला खांदा लावला. मावशी चिंबोरीवरून उतरून दोरीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

दीर सगळ्यात शेवटी उठला. तो दोरीच्या पुढच्या टोकाशी आला, हाक देणारा उभा राहतो तिथे, आणि तिथे त्याची वहिनी उभी होती. दोघं एकमेकांकडे बघत थांबले. तिला बाजूला व्हायला तो सांगेल, असं मला अगदी वाटलं. ती जागची हलली नाही, आणि मागे पुढची लाट उभी राहत होती.

तो वळला, दोरीच्या कडेकडेनं मागे गेला आणि होडीच्या मागच्या टोकाला, कमरेभर पाण्यात, खांदा देऊन उभा राहिला. तोवर मीही तिथेच खांदा लावला होता, त्याच्या शेजारी.

"होऽऽय रे!" मावशी म्हणाली.

सगळ्यांनी उत्तर दिलं. त्याचा आवाज माझ्या कानाशीच होता, म्हणून मला तो वेगळा ऐकू आला. "होऽऽय!" तो म्हणाला, आणि होडी हलली.